लॉर्नचा राहिलेला चेंडू

नेस्टर बोयचुकने स्वयंपाकघराच्या फरशीवर कॉफीचा मग आडवा ठेवला, मगापासून एक बूट अंतरावर चेंडू ठेवला आणि काठी घेऊन वाकला. वाकताना उजवा गुडघा कुरकुरला. नेस्टरने श्वास रोखून चेंडू हळूच ढकलला. चेंडू मगाच्या कानाला लागून फ्रिजखाली गेला.

"वा! घरचा मग, रोज हाताने धुतो मी त्याला, पण त्यालाही दया येत नाही," नेस्टर म्हणाला.

फ्रिजखाली एव्हाना चेंडूंचं संमेलन भरलं असणार. ते काढायचे तर पोटावर झोपून झाडू घालायला हवा होता आणि अंगात काळा सूट होता. लग्नातलाच सूट तो, दोनदा उसवून वाढवलेला. आता उसवायला त्यात कापडच उरलं नव्हतं. नेस्टरने झाडूकडे बघितलं, पोटाकडे बघितलं आणि सराव संपल्याचं जाहीर केलं.

आज दुपारी असाच एक चेंडू त्याला सगळ्या टोरफिल्ड गावासमोर भोकात घालायचा होता. चेंडू त्याचा नव्हता, लॉर्नचा होता. लॉर्न हॅल्व्हर्सन म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, व्हर्नाचा नवरा. लॉर्न फेब्रुवारीत गेला. फेब्रुवारीत सस्कॅचवान प्रांतातली जमीन इतकी गोठलेली असते की कुदळ मारली तर कुदळच उडून अंगावर येते. म्हणून चर्चमधली प्रार्थना तेवढी तेव्हा उरकली आणि राखेची पेटी हिवाळाभर व्हर्नाच्या शोकेसमध्ये चांगल्या कपबशांशेजारी बसून राहिली. आता मे उजाडला, जमीन मऊ झाली. आज पेटी मातीत ठेवायची, मग गोल्फच्या मैदानावर जाऊन चेंडूचं काय ते करायचं आणि मग गावच्या हॉलमध्ये चहा, सँडविच आणि आठवणी. बाकी दोन गोष्टींची कुणाला काळजी नव्हती. सगळ्यांचे डोळे मधल्या गोष्टीवर होते.

त्याचीच काळजी का, ते नेस्टरलाही कळत होतं. लांबून तो चेंडू बरा मारायचा. मधल्या अंतरावरून मारलेला चेंडूही फारसा लाज आणणारा नसायचा. पण चेंडू भोकाशी येऊन टेकला, आता शेंबड्या पोरानेही घातला असता, असं झालं की नेस्टरच्या हातांना कापरं भरायचं. ही ख्याती एवढी पसरली होती की शेजारच्या गावात कुणाचा ट्रॅक्टर ऐन दारात येऊन बंद पडला तर लोक म्हणायचे, याने नेस्टर केला.

आणि लॉर्नने नेमकं त्यालाच सांगून ठेवलं होतं.

टोरफिल्डचं मैदान म्हणजे काही राजेशाही प्रकरण नव्हतं. नऊ भोकं, चार बाजूंनी गव्हाची शेतं आणि जिकडेतिकडे बिळं करून बसलेल्या खारी. पूर्वी ती गायरान जमीन होती. लॉर्न आणि आणखी चार उत्साही माणसांनी दगड वेचून तिचं मैदान केलं. भोकाभोवती मऊ हिरवळ राखायला पाणी नव्हतं, म्हणून तिथे वाळूची गोल अंगणं केली, वाऱ्याने उडू नये म्हणून वाळूला तेल मारलं आणि अंगणाच्या कडेला दांडा लावलेली एकेक लोखंडी फळी ठेवली. फळी ओढून चेंडूपासून भोकापर्यंत सपाट वाट करायची आणि मग चेंडू ढकलायचा. खेळून झालं की पुन्हा फळी फिरवून आपली पावलं पुसायची, मागून येणाऱ्यांसाठी.

गावाचा आणखी एक नियम होता. चेंडू भोकापासून एका बुटाच्या आत असला तर समोरच्याने म्हणायचं, "दिला." मग तो गेला असं धरायचं आणि चेंडू उचलून पुढे चालू लागायचं. पाद्रीण द्यायची, डॉक्टर द्यायचा, कर्ज नाकारणारा बँकेतला माणूससुद्धा चेंडू द्यायचा. लॉर्न मात्र द्यायचा नाही. गावातल्या इतर सगळ्यांना द्यायचा, फक्त मेव्हण्याला द्यायचा नाही. आणि मेव्हण्याने दिला तर घ्यायचाही नाही.

"अरे, बोटभर अंतर राहिलंय!" नेस्टर ओरडायचा.

"मग बोटभर ढकल," लॉर्न म्हणायचा आणि काठीवर हनुवटी टेकून निवांत बघत राहायचा. चेंडू भोकाला वळसा घालून पलीकडे गेला की तो कधी हसायचा नाही. नेस्टरच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणायचा, "उद्या पडेल."

हे लॉर्न आणि व्हर्नाच्या लग्नापासूनचं होतं. नेस्टरची बायको लिडिया गेल्यावर तर रोजचंच झालं. दुपारी चारच्या ठोक्याला लॉर्नची निळी पिकअप नेस्टरच्या दारात यायची. लॉर्न खाली उतरायचा नाही, नुसता हॉर्नवर हात ठेवून बसायचा, अख्खी गल्ली जागी होईपर्यंत. नेस्टर दारात येऊन ओरडायचा, "बहिरा नाही मी!" आणि लॉर्न काच खाली करून म्हणायचा, "चल मेव्हण्या, हरायला."

फेब्रुवारीनंतरही चार वाजले की नेस्टर दारात जाऊन उभा राहायचा. हवा बघायला, असं तो स्वतःला सांगायचा. उणे तीस अंशांत हवेत बघण्यासारखं काय असतं, हे स्वतःला विचारायचं मात्र टाळायचा.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट अशी. उन्हाळाभर दोघं जितके सामने खेळायचे, त्यांत जो जास्त हरेल त्याने सुगीनंतरच्या गावजेवणात, टर्की कापायच्या आधी, उभं राहून जिंकणाऱ्याच्या स्तुतीचं भाषण करायचं, असा त्यांचा जुना करार होता. दर वर्षी भाषण नेस्टरच करायचा. त्यात स्तुती कमी आणि शिव्या जास्त असायच्या. 'आपला लॉर्न इतका प्रामाणिक आहे की स्वतःचे फटके कधी लपवत नाही, फक्त मोजायला विसरतो,' असलं काहीतरी. लोक टेबलं बडवायचे. टोरफिल्डमध्ये या भाषणाशिवाय टर्की कापणं अशुभ समजायला लागले होते.

पण गेल्या उन्हाळ्यात चमत्कार झाला. नेस्टर बरोबरीला आला. लॉर्नचे फटके आखूड पडायला लागले. दर दोन भोकांनंतर तो गाडीत बसून "ढग बघतो जरा" म्हणायला लागला. आणि नेस्टरला काय वाटलं? आपला खेळ सुधारला! सत्तरी आली, गुडघ्यात पाणी झालं, चष्म्याचा नंबर वाढला आणि खेळ सुधारला! पोस्टात, किराण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, दिसेल त्याला तो सांगत सुटला की मनगट जरा सैल सोडलं की फरक पडतो. न्हाव्याला तर त्याने कात्री बाजूला ठेवायला लावून मनगट दाखवलं. आज ते आठवलं की त्याला स्वतःच्याच कानाखाली ओढावीशी वाटायची. समोर माणूस धापा टाकत होता आणि हा शहाणा मनगटं दाखवत फिरत होता.

शेवटचा सामना, शेवटचं भोक. उन्हाळ्याचा हिशेब बरोबरीत; आता कमी फटक्यांत चेंडू घालेल तो जिंकणार. नेस्टरने पाच फटक्यांत चेंडू आत घातला होता. लॉर्नचे तीन झाले होते आणि चौथ्यासाठी चेंडू भोकापाशी होता. लॉर्नने पायातला रबरी बूट काढून मोजलं. बुटाचं टोक चेंडूला, टाच भोकाला. बरोब्बर एक बूट. एवढ्यात आभाळ फाटलं आणि लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या.

"दिला! दिला!" नेस्टर डोक्यावर पिशवी घेऊन ओरडला. "तू जिंकलास, पळ आता!"

"भीक मागितली का मी?" लॉर्न म्हणाला. त्याने चेंडूच्या जागी लाल चिंधी बांधलेला खिळा खोचला, चेंडू खिशात टाकला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशा थाटात गारांतून चालत गाडीपर्यंत आला. "उद्या येऊन घालतो."

उद्या पाऊस होता. परवा लॉर्नला जिना चढवेना. मग तपासण्या झाल्या, मग शहरातलं हॉस्पिटल, मग बर्फ. जानेवारीत नेस्टर भेटायला गेला तेव्हा लॉर्नच्या नाकात नळी होती आणि हात चादरीपेक्षा पांढरे झाले होते.

"चेंडू राहिलाय," लॉर्न म्हणाला.

"मे महिन्यात घाल की. कुठे पळून जातोय?"

"मी नाही घालत आता. तू घाल."

"मी?"

लॉर्नने डोळे मिटले. "देवा रे," तो म्हणाला, "काय दिवस आले माझ्यावर." आणि नळीसकट हसला.

नेस्टरला हसता आलं नाही. त्याने फक्त हो म्हटलं. जिवंत माणसाला दिलेला शब्द मोडला तर भांडण होतं आणि मिटतंही. हा शब्द मोडला तर भांडण मिटवायला समोर कुणी उरणार नव्हतं.

आता गंमत बघा. चेंडू आत गेला तर लॉर्नचे चार होणार, तो जिंकणार आणि नेस्टर, मेलेल्या माणसाशीसुद्धा हरलेला पहिला खेळाडू म्हणून, हॉलमध्ये भाषण करणार. एकदा चुकला तर बरोबरी. दोनदा चुकला तर? तर नेस्टर जिंकणार! आयुष्यात पहिल्यांदा. मग लोक म्हणणार, बघा, मुद्दाम चुकवला, मेलेल्या मेव्हण्याला लुबाडला. त्याला जिंकायचं नव्हतं हो! उभ्या जन्मात त्याने देवाकडे हरण्याची प्रार्थना केली नव्हती, ती तो गेले तीन महिने झोपताना करत होता. हरला तरच भाषण मिळणार होतं आणि या खेपेचं भाषण त्याने वेगळं केलं होतं. एकही शिवी नसलेलं.

दफनभूमीकडे जाताना पिकअपमध्ये त्याने ते समोरच्या काचेला पुन्हा म्हणून दाखवलं.

"मंडळी," तो काचेला म्हणाला, "व्हर्नाने नॉर्वेकडच्या पोराशी लग्न ठरवलं तेव्हा आमचा बाप म्हणाला होता, चुन्याच्या पाण्यात भिजवलेले मासे खाणाऱ्यांच्या घरात माझी पोरगी जाणार नाही. पुढच्या रविवारी लॉर्न आमच्याकडे जेवायला आला आणि बाबाच्या समोर बसून त्याने बटाट्याचं सारण भरलेले इतके पिरोगी खाल्ले की आईला पुन्हा कणीक मळायला लागली. बाबा म्हणाला, हा नॉर्वेचा नसावा, चुकून तिकडे जन्मला असावा." इथे लोक हसतील, नेस्टरने हिशेब केला. मग आवाज जरा खाली. "त्याने चाळीस वर्षं या गावाचं धान्याचं कोठार सांभाळलं. कंपनीने ते पाडलं त्या दिवशी सगळे बघायला गेले, हा गेला नाही. त्या दिवशी त्याच्या मुलीच्या, डार्लीनच्या पोरांचा शाळेत कार्यक्रम होता. शाळेतला एकही कार्यक्रम त्याने चुकवला नाही, आधी पोरांचा आणि मग नातवंडांचा. प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत बसला आणि प्रत्येक वेळी पडदा उघडायच्या आत झोपला. पोरं म्हणायची, आजोबा घोरायला लागले की आम्हाला कळतं ते आलेत, मग भीती वाटत नाही."

यापुढे एक वाक्य होतं. 'लिडिया गेली तेव्हा' असं ते सुरू व्हायचं. पुढे जायचं नाही. काचेसमोरसुद्धा जायचं नाही. आजही गेलं नाही. नेस्टरने वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

पेटी मातीत ठेवताना सगळं नीट झालं. पाद्रीणबाई थोडक्यात बोलल्या, वारा सुटला म्हणून आणखी थोडक्यात बोलल्या. व्हर्ना रडली नाही. फेब्रुवारीपासून ती कुणासमोर रडली नव्हती आणि हसलीही नव्हती. घर झाडायची, पिरोगी करून फ्रीझर भरायची आणि विचारलं की "बरं आहे" म्हणायची.

मग सगळ्या गाड्या धूळ उडवत मैदानाकडे निघाल्या. मैदानावर वॉली प्रोकोप वाट बघत होता. वॉली मैदानाची देखभाल करायचा, म्हणजे खारींना शिव्या द्यायचा. हिवाळ्याआधी त्याने खिळ्याच्या जागेची खूण धरून ठेवली होती आणि आज नव्या वाळूत लाल चिंधीचा खिळा पुन्हा खोचला होता. हातात लॉर्नचा रबरी बूट होता.

"व्हर्नाकडून आणला," तो म्हणाला. "पुन्हा मोजून घेतलं. उगाच नंतर वाद नको."

"वाद कोण घालणार? तो?" नेस्टर म्हणाला.

"त्याचा काही भरवसा नाही," वॉली म्हणाला.

गाव वाळूच्या अंगणाभोवती कड करून उभं राहिलं. बायकांच्या हातांत झाकलेल्या बशा होत्या, कारण उन्हात तापलेल्या गाडीत अंड्याची सँडविचं सोडून कोण येणार? लॉर्नची मुलगी डार्लीन पुढे आली. तिने बापाचा चेंडू कोटाच्या खिशातून काढून नेस्टरच्या हातात दिला. चेंडूवर शाईने काढलेला वाकडा एल होता.

"मामा, घाबरू नकोस," ती म्हणाली.

"मी कशाला घाबरू?"

"मग हात का कापतोय?"

"थंडी आहे."

"सगळे घाम पुसतायत, मामा."

"अंगात सूट घट्ट झालाय, रक्त पोचत नाही हातापर्यंत. हो बाजूला."

वॉलीने फळी ओढून खिळ्यापासून भोकापर्यंत सपाट वाट केली. गुळगुळीत, सरळ. एखादी गोगलगाय असती तरी न चुकता आत गेली असती. नेस्टरने खिळा काढला आणि चेंडू ठेवला. मागून कुणीतरी, बहुतेक न्हावी, म्हणाला, "मनगट सैल सोड!" आणि दबलेलं हसू फिरलं.

"दिला म्हणून टाका की हो," पाद्रीणबाई हळूच म्हणाल्या. "बुटाच्या आतच आहे. देवाची काही हरकत नसावी."

लगेच सगळे बोलायला लागले. "दिला, नेस्टर, दिला!" "उचल, चल, कॉफी थंड होतेय!" आणि खरं सांगायचं तर क्षणभर नेस्टरच्या मनात आलंच. उचलावा, खिशात घालावा, लॉर्न जिंकला म्हणावं आणि हॉलमध्ये जाऊन भाषण करावं. कोण अडवणार होतं?

"तो घेणार नाही," नेस्टर म्हणाला.

 वाऱ्याने एका बशीवरचं फडकं तेवढं फडफडलं.

नेस्टर वाकला. गुडघा कुरकुरला, तो सगळ्या गावाने ऐकला. त्याने भोकाकडे बघितलं, चेंडूकडे बघितलं. फक्त एकदा, तो मनात म्हणाला. आयुष्यभर चुकवले ते माझे होते, त्यांचं मला काही नाही. हा त्याचा आहे. हा एक पडू दे, मग उरलेले सगळे चुकव, कबूल.  त्याने काठी घट्ट धरली, मग मनगट सैल सोडलं, मग स्वतःवरच चिडून पुन्हा घट्ट धरली आणि ढकललं.

चेंडू सरळ गेला. अगदी सरळ, भोकाच्या ओठापर्यंत. तिथे तो डावीकडे वळला, भोकाला एक वळसा घातला आणि पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूला थांबला. एक बूट अंतरावर.

 नेस्टर तसाच वाकून उभा राहिला. पाठीवर हात पडायची ही वेळ होती. इतक्या वर्षांची सवय; चेंडू चुकला की पाठीवर तो जड हात पडायचा आणि ते दोन शब्द यायचे. नेस्टर त्यांची वाट बघत होता, हे त्याला उशिरा कळलं. कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की डार्लीनने मान फिरवली. दिलेला शब्द राहिला नाही. भाषण राहिलं नाही. आता यापुढचा पडला तर बरोबरी आणि चुकला तर तो जिंकणार होता. हात तर आत्ताच जिंकायच्या तयारीत कापायला लागले होते.

"मला नाही जमत," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. "लॉर्न, नाही रे जमत मला."

तेवढ्यात एक विचित्र आवाज आला. आधी वाटलं कुणाला ठसका लागला. मग सगळ्यांनी वळून बघितलं तर व्हर्ना हसत होती. हातातली खजुराच्या वड्यांची बशी हलत होती, टोपी कलली होती आणि ती हसत होती, डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून हनुवटीवर. तिने बशी पाद्रीणबाईंच्या हातात कोंबली आणि काळे, टाचांचे बूट वाळूत रुतवत सरळ अंगणात शिरली.

"अगं, पावलं उमटतायत!" वॉली कळवळला.

"उमटू देत," व्हर्ना म्हणाली. "नेस्टर, मेल्या, सरळ उभा राहा. ऐक. लिडिया गेली त्या वर्षी मी लॉर्नला म्हटलं होतं, आता तरी त्याला एखादा चेंडू देत जा. बुटाच्या आतला तरी दे. तुझं काय जातं? तर तो म्हणाला, आता तर मुळीच देणार नाही."

"माहितीये मला," नेस्टर म्हणाला. "कंजूष होता तो."

"गप्प बस. म्हणाला, चुकला की तो चिडतो आणि चिडला की उद्या पुन्हा येतो. दिला तर खूश होऊन घरी जाईल. आणि घरी कोण आहे त्याचं?"

 वर्षानुवर्षं आपण त्या माणसाला काय काय म्हटलं, तेही टर्कीसमोर, चारशे माणसांत, ते सगळं नेस्टरच्या डोक्यातून एका दमात गेलं. रोज चारला हॉर्न वाजवणारा तो लांबडा नॉर्वेकर. आणि हा मूर्ख ओरडायचा, बहिरा नाही मी. होताच की बहिरा!

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने कसंबसं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गेला असतास का रोज? तुला दया चालते होय रे कुणाची?" व्हर्नाने त्याच्या हातातून खिळा काढून घेतला. वाकली, चेंडू जिथे थांबला होता तिथे खिळा खोचला आणि चेंडू उचलून आपल्या पर्समध्ये टाकला. मग भावाच्या पाठीवर हात ठेवला. हात लहान होता, पण जड होता.

"उद्या पडेल," ती म्हणाली.

कुणीतरी नाक शिंकरलं. वॉलीने फळीचा दांडा उचलला, दोघांच्या पावलांकडे बघितलं आणि फळी पुन्हा खाली ठेवली.

"म्हणजे निकाल लागला नाही?" न्हावी म्हणाला. "मग भाषण कोण करणार?"

"कुणी हरलेलं नाही, तर भाषण कसलं?" व्हर्ना म्हणाली. "चला, सँडविचं खा. आणि नेस्टर, उद्या चारला तयार राहा. मी येते."

"तू? तुला कुठे खेळता येतं?"

"तुला येतं?"

यावर सगळं टोरफिल्ड एकदम हसलं, नेस्टरही. सूटचं मधलं बटण तुटून वाळूत पडलं ते तसंच राहिलं.

हॉलमध्ये त्या दिवशी भाषण झालं नाही. नेस्टरने पिरोगी खाल्ले, कोबीचे रोल खाल्ले आणि खजुराच्या वड्या लॉर्नच्या वाट्याच्याही खाल्ल्या. वर्षभर पुरेल एवढं काहीबाही बोलला, पण 'लिडिया गेली तेव्हा'च्या पुढचं वाक्य तेवढं मनात ठेवलं. घाई नव्हती. शरदात टर्की कापायची वेळ येईलच.

दुसऱ्या दिवशी तो दुपारचं जेवण झाल्यापासून बूट घालून पायरीवर बसला होता. हवा बघायला. चार वाजता निळी पिकअप गल्लीच्या तोंडाशी दिसली, कुंपणाला घासत, कारण व्हर्नाला गाडी चालवायला कधी नीट आलं नाही. ती दारात थांबली आणि हॉर्न सुरू झाला. समोरच्या घराचा पडदा हलला, कुत्री भुंकायला लागली, तरी हॉर्न थांबेना.

नेस्टर उठला. 

"बहिरा नाही मी!" तो ओरडला आणि काठ्या घेऊन निघाला.